जाळं रिकामं परत देऊ नये

८ फेब्रुवारी

तळ्यातले मासे पाण्याच्या पाइपाला अंग घासतायत. सकाळभर बांधावर उभी राहून तेच बघितलं. एक रोहू तर सारखा उडी मारत होता आणि धपकन आडवा पडत होता. नवऱ्याचं म्हणणं, "खेळतायत गं. थंडी सरली ना." खेळतायत! माशांना काय शाळेला सुट्टी लागलीय? आजपासून वहीत याचं नाव यु. एवढंच. पुरतं 'युसुफ' लिहिण्याची त्याची लायकी नाही.

पाग, म्हणजे फेकायचं छोटं जाळं, टाकून एक धरला. पराच्या मुळाशी लाल चट्टा, आणि चट्ट्यावर टिकली. कपाळाला लावतात तसली गोल, फक्त आरपार दिसणारी. नखाने काढायला गेले तर टिकली चालायला लागली.

लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून पळसदरीहून कर्जतला घरी आणली. स्कूटरवर सगळी वाट बरणी पोटाशी धरून.

९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी लॅब बंद करताना मला दिलेला मायक्रोस्कोप आज कपाटावरून खाली काढला. आयुष्यभर त्या बिनखिडकीच्या खोलीत लोकांचे जंत बघितले. वाटलं होतं, सुटले. आता माशांचे बघा.

पण हा जंत नाही, ही ऊ आहे. चपटी. पुढे दोन गोल वाट्या, चष्मा लावल्यासारख्या, त्यांनी माशाला चिकटते. मधे सुई. ती खुपसायची आणि रक्त प्यायचं. पाय सारखे हलतायत, थांबतच नाहीत. दिसायला इतकी सुबक की राग आला.

जुनं पुस्तक आणि फोन, दोन्हीतून वाचून काढलं. माणसाच्या कित्येक जंतांना मधे कोणीतरी लागतं, डुक्कर, गाय, गोगलगाय, कोणीतरी. हिला कोणी लागत नाही. मासा आणि पाणी, बस. अंडी मात्र माशावर घालत नाही. पोट भरलं की माशाला सोडते, दगड, लाकूड, पाइप, जे टणक सापडेल त्यावर ओळीने अंडी चिकटवते आणि पुन्हा मासा शोधायला निघते. पिल्लं बाहेर आली की त्यांना लगेच मासा हवा. नाही मिळाला तर मरतात.

म्हणजे आपोआप होत नाही. कोणीतरी आणल्याशिवाय ती आमच्या तळ्यात येऊच शकत नाही. यु. ला विचारलं, कोणी आणली? "मला काय माहीत?" म्हणाला आणि चहा गार होईपर्यंत पेपर वाचत बसला. त्या पेपरात वाचण्यासारखं काही नव्हतं, मी सकाळीच वाचला होता.

११ फेब्रुवारी

मत्स्यबीजवाल्याला फोन. पावसाळ्यात बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, त्याच्याकडून घेतली होती, तेव्हा दुसरा कोण असणार! म्हटलं, तुम्ही रोगट बीज विकता, तुमच्या टाक्यांना कधी चुना लागतो का, की देवाच्या भरवशावर धंदा? तो म्हणतो, "मॅडम, पावसाळ्यात दिलेलं बीज, उवा असत्या तर गणपतीतच दिसल्या असत्या." उलट उत्तरं! फोन आपटला. मोबाइल असल्यामुळे नीट आपटताही येत नाही.

संध्याकाळी मुलाचा, इम्रानचा, शेलूहून फोन. बापाने सांगितलं असणारच. "अम्मी, तुम्ही या वयात माशांच्या उवा वेचणार का?" मग तेच. ठरलंय ते ठरलंय. यंदाचं साल तळं चाललं तर ठीक, नाहीतर मे अखेर जागा फार्महाउसवाल्याला द्यायची आणि दोघांनी शेलूच्या फ्लॅटात यायचं. अब्बांचे गुडघे, तुमचं बीपी, लिफ्ट आहे, स्टेशन जवळ. यु. ने तेव्हा मान डोलावली होती. तो कुवेतमध्ये होता तेव्हाही सगळ्यांना मान डोलावत होता, म्हणून तर इतकी वर्षं तिथे राहिला.

मुलगा वाईट नाही. सून तर सोन्यासारखी. पण मला शेलू नको. मला हा बांध हवा, वारा हवा, सकाळी पाण्यावर तोंडं वर करणारे मासे हवेत. हे मागायचं वय नाही म्हणतात. मग कधीचं?

१४ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानात. म्हणजे शेतीच्या. दुकानदाराने बाटली काढली, "रस शोषणाऱ्या किडीवर एक नंबर." म्हटलं, अरे, भेंडीवर नाही, माशावर आहे कीड. "कीड ती कीड ताई, सगळ्यांवर चालतं." बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला. त्यात स्पष्ट लिहिलंय, तळी, ओढे, विहिरी यांपासून दूर ठेवा. हा मनुष्य तीच बाटली तळ्यात ओतायला देतोय!

बोलून बोलून घसा बसला. घरी आले तर तीच बाटली स्कूटरच्या डिकीत. यु. ने कालच आणून ठेवली होती. "तो इतका आग्रह करत होता..."

उद्या परत करणार. मी स्वतः.

१९ फेब्रुवारी

पहिला रोजा. मत्स्यखात्याची बाई आली, पंचविशीची, पायात गमबूट, आल्या आल्या पाण्यात उतरली. मला आवडली. बाटलीचं ऐकून तिने कपाळाला हात लावला.

तिचा उपाय: तळ्यात बांबू उभे करा. दुसरं टणक काही ठेवू नका. दगड काढा, पाइप वर उचला. उवा बांबूवरच अंडी घालतील. दर आठवड्याला बांबू बाहेर काढून कडक उन्हात वाळवा, अंडी मरतात. मग पुन्हा आत. आणि पावसाआधी तळं पूर्ण आटवून चुना.

जाताना विचारलं, "मधे बाहेरचे मासे सोडले होते का?"

यु. म्हणाला, "नाही." आणि जमिनीकडे बघायला लागला. एवढ्या वर्षांच्या संसारात मला त्याच्या जमिनीकडे बघण्याचे सगळे प्रकार माहीत झालेत.

२२ फेब्रुवारी

कळलं.

डिसेंबरमध्ये शेजारच्या बळीरामने आमचं मोठं ओढायचं जाळं नेलं होतं. त्याचं तळं बांधाच्या पलीकडे. जाळं मागितलं की द्यायचं, ही इकडची रीत, मला मान्य. जाळं परत आणलं ते सुगंधा वहिनींनी, त्याच्या बायकोने. सोबत बादली, बादलीत दोन कटले मासे. जिवंत! कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, तसं जाळंही रिकामं देऊ नये म्हणून.

आणि यु. ने काय केलं? त्या दिवशी घरी मटण होतं. एवढे छान कटले मारवेनात. दिले तळ्यात सोडून. वर मला आज सांगतो, "म्हटलं, अंडी देतील."

कटला तळ्यात अंडी देत नाही! वाहतं पाणी लागतं, नाहीतर इंजेक्शन! हे मी त्याला पहिल्या वर्षी सांगितलंय, दुसऱ्या वर्षी सांगितलंय. अंडी त्या कटल्यांनी नाही दिली, त्यांच्या अंगावरच्यांनी दिली.

बिचारा बीजवाला. त्याला फोन करून माफी मागावी लागेल. तीही मीच.

इफ्तारीला यु. शी बोलले नाही. खजूर पुढे सरकवला, तेवढंच.

२४ फेब्रुवारी

बळीरामकडे गेले. तापायचं नाही असं घोकत. यु. मागे मागे.

ओट्यावर बसलो. बळीरामने नेहमीसारखं खाट झटकून दिली. मी सांगितलं, अगदी गोडीने, की तुमच्या तळ्यात ऊ आहे, दोघांनी मिळून बांबू लावू, पावसाआधी दोन्ही तळी आटवू. एकाने करून उपयोग नाही. पावसात दोन्हीचं पाणी खालच्या शेतात एक होतं.

तो आधी हसला. मग हसू गेलं. "ऊ? भाभी, आमच्या घरात कुणाच्या डोस्क्यात ऊ निघाली नाय आजपातूर. आन माशाला उवा?"

म्हटलं, माशाच्या वेगळ्या असतात.

"तुमच्याच तळ्यात झाल्या आसतील. तुमी काय काय पावडरी टाकता."

"बळी, तसं नाय रं," यु. म्हणाला. बस, एवढंच. माझ्या बाजूने एवढं बोलायला इतकी वर्षं लागली.

बळीराम उठून उभा राहिला. "मे महिन्यात रेश्माची हळद हाय. आमच्या तळ्यातला मासा ताटात पडनार हाय, पाव्हन्यांना सांगून बसलोय मी. तुमी हे असं बोलत फिरलात तर माझ्या पोरीच्या हळदीत कोन जेवंल?"

सुगंधा वहिनी दारात उभ्या होत्या. मी बघितल्यावर आत गेल्या.

मला काय, हौस आहे? मी काय पोरीच्या लग्नाआड येतेय? येताना वाटभर रडू येत होतं आणि ते रागाचं होतं.

२ मार्च

बांबू काम करतायत! आज काढले. पाण्याखालच्या भागावर अंड्यांच्या पट्ट्याच पट्ट्या, ओळीत, कशिदा काढल्यासारख्या. पातळ चिकटपणा वर. भिंगाखाली एकेकात डोळ्यांचे दोन काळे ठिपके. म्हणजे दोन-चार दिवसांत बाहेर पडणार होत्या सगळ्या. पडा आता उन्हात.

रोज्यात पाण्यात उतरून बांबू ओढायचे म्हणजे संध्याकाळपर्यंत जीव कंठाशी येतो. पण आज झोप लागेल.

६ मार्च

चार बांबू कमी. शोधले, शोधले. शेवटी बांधापलीकडे नजर गेली तर बळीरामच्या तळ्यात उभे! बगळे येऊ नयेत म्हणून दोऱ्या बांधायला. यु. ने दिले. "त्याने मागितले. नाही कसं म्हणू? आधीच नाराज आहे."

वाळलेले तरी होते का रे? "बहुतेक."

बहुतेक! याच्या थडग्यावर हाच शब्द कोरायचा.

मी ओरडले ते स्टेशनपर्यंत गेलं असेल. मग हसायला आलं, मग पुन्हा राग. त्याला नाही म्हणता येत नाही हे काय मला आज कळलं? लग्नाच्या वेळी माझ्या बापाने विचारलं, पोरगी पसंत आहे का, तेव्हा तरी खरं बोलला होता का कोण जाणे.

१३ मार्च

व्यापाऱ्याचा फोन. या खेपेला मासे नकोत. "ऐकलं की तुमच्या तळ्यात किडे आहेत." कोणाकडून ऐकलं? "सगळीकडेच आहे ना भाभी." कोणीतरी फोटोही फिरवलाय, आमच्या तळ्याचा नाहीच तो, कुठल्या परदेशी माशाचा, पोटातून लांब लांब जंत. खाली लिहिलंय, कर्जतचे मासे खाऊ नका.

अरे, ऊ माणसाला लागत नाही. पाण्याबाहेर आली की मरते. तव्यावर तर काय उरणार तिचं? आणि हेच लोक गटाराकाठच्या गाडीवर उभं राहून पाणीपुरी खातात. त्यांच्या पोटातलं मी आयुष्यभर बघितलंय. सांगू का नावानिशी? नाही सांगणार. लॅबवाल्या बाईचं तोंड बंद असतं म्हणून गाव सुखात आहे.

बातमी बळीरामने पसरवली असं वाटलं होतं. यु. म्हणतो, नाही, तो तसा नाही. उलट त्यालाच भीती. मग कोणी? मीच त्या औषधाच्या दुकानात घसा फोडून ओरडले होते, बाटली परत करताना. दुकान भरलेलं होतं.

२१ मार्च. ईद.

शीरखुर्मा उरला.

दर वर्षी बळीरामचं घर येतं, चौघंही. रेश्मा लहान होती तेव्हा फक्त शेवया संपवून वाटीतले काजू ठेवून द्यायची. आज कोणी नाही. फोनही नाही. यु. दुपारपर्यंत नव्या सदऱ्यात दाराशी बसून होता, मग सदरा बदलला.

त्यांचा डबा भरून पाठवावा का? मी नाही म्हटलं. मी काय चुकीचं बोलले म्हणून मी आधी वाकायचं? डबा भरला होता, तो फ्रीजमध्ये ठेवला.

वाईट वाटतंय. फार.

२९ मार्च

मासे खायला लागलेत! पेंड टाकली की पाणी उकळल्यासारखं होतं पुन्हा. पाग टाकून बघितले, कुठे एखादी टिकली, कुठे नाही. चट्टे सुकतायत.

मत्स्यखात्याच्या बाईला फोनवर सांगितलं. ती खूश. पण शेवटी तेच, "शेजारचं तळं?" म्हटलं, शेजाऱ्याशी बोलणं बंद आहे. ती म्हणाली, "मग पावसात पुन्हा सुरू होईल, काकू." इतक्या गोड आवाजात इतकं वाईट कोणी सांगितलं नव्हतं.

१२ एप्रिल

इम्रान आला, सोबत फार्महाउसवाल्याचा माणूस. गॉगल, पांढरे बूट, हातात काहीतरी मोजायचं यंत्र. बांधावर फिरत म्हणाला, "तळं आहे ते बरंच आहे. स्विमिंग पूलला खड्डा आयता मिळाला."

मी म्हटलं, त्यात मासे आहेत.

"ते काय, काढता येतील."

इम्रान मधे पडला, "अम्मी, नुसतं बघायला आलेत." मग मला बाजूला घेऊन, हळू आवाजात, "व्यापारी घेत नाही, शेजारी बोलत नाही, अब्बा रात्री गुडघे धरून बसतात. तुम्ही सांगा, हे चाललंय असं म्हणायचं?"

त्याचं बरोबर आहे याचाच जास्त राग. खोटं बोलत असता तर लहानपणीसारखी एक ठेवून तरी दिली असती.

यु. गॉगलवाल्याला नारळपाणी देत होता. अर्थातच.

२६ एप्रिल

मासे काढले. व्यापारी नाही तर नाही. टब मांडून कर्जतच्या नाक्यावर स्वतः बसले. पाटी लावली: आमच्याच तळ्यातले, समोर साफ करून मिळतील. लॅबमध्ये माझ्याकडून रिपोर्ट नेलेली निम्मी माणसं ओळखीची. एकजणी नाक मुरडून म्हणाली, किडेवाले का? म्हटलं, ये, बस, हा बघ कल्ला, हा बघ पर, दाखव किडा. तिने दोन किलो नेले. दुपारपर्यंत टब रिकामा.

यु. गिऱ्हाइकाला मासे बांधून देत होता. जास्तीचा तुकडा टाकत होता प्रत्येकाला. आज मी काही बोलले नाही.

३० एप्रिल

तळं आटवलं. तळाला भेगा पडेपर्यंत तापवायचं, मग चुना. बांधावर उभं राहिलं की आपल्या तळ्याचा तळ उघडा, आणि पलीकडे बळीरामचं काठोकाठ. त्यात माझे चार बांबू.

बोललो नाही तर पहिल्या मोठ्या पावसात सगळं पाण्यात. आणि बोलायला जायचं तर पाय उचलत नाही. कोणी बनवला असला स्वभाव? माझ्या आईने.

७ मे

आज झालेलं नीट लिहून ठेवते, पुन्हा मला खरं वाटणार नाही.

बळीरामचा फोन, यु. ला. उद्या हळद, सकाळी तळं ओढायचं आहे, जाळं हवं. इतक्या दिवसांनी त्याचा आवाज. मी चूल पुसत होते, कान तिकडे.

यु. म्हणाला, "नाही रे बळी. जाळं नाही देता येणार."

पलीकडून फोन कट.

हेच तर मला हवं होतं! महिनोन् महिने ओरडतेय, नाही म्हणायला शिक, नाही म्हणायला शिक. शिकला. आणि नेमका कधी, तर पोरीच्या हळदीच्या आदल्या दिवशी. यु. जेवला नाही. ताटाशी बसला, भात चिवडला, हात धुतला. मला म्हणाला, "तू म्हणतेस ते बरोबर आहे." त्याचा असा चेहरा कुवेतला जाताना विमानतळावर बघितला होता.

मीही जेवले नाही.

८ मे

सकाळी उठून मीच जाळं स्कूटरवर घातलं. यु. बघत राहिला. म्हटलं, चालव.

बळीरामच्या तळ्यावर त्याचे दोन भाऊबंद कुठूनतरी आणलेलं फाटकं जाळं उलगडत होते. मी आमचं खाली टाकलं. म्हटलं, हे घ्या. पण ओढून झालं की इथेच तुमच्या अंगणात वाळेल, कडक, आणि मग येईल. ओलं जाळं मी नेणार नाही. आणि सोबत काही देऊ नका.

बळीरामने जाळ्याकडे बघितलं. मग भावाला म्हणाला, "धर रं ते टोक."

ओढलं. मासे काठाशी आले. डोकी मोठी, अंगं वाळलेली. लाल चट्टे. टिकल्याच टिकल्या, काहींवर तर खवलं दिसेना. भावाच्या मनगटावर दोन चढल्या, त्याने हात झटकला.

इतके महिने मनात किती वाक्यं रचून ठेवली होती. सांगितलं होतं ना. ऐकलं नाहीत ना. एकही तोंडातून निघेना. बळीराम गुडघाभर पाण्यात तसाच उभा होता. म्हणाला, "हे वाढायचं? पोरीच्या हळदीला?"

सुगंधा वहिनी काठावर बसल्या होत्या, पदर तोंडाशी. "शमीमभाभी, खाल्लं तर काय होतं का गं मान्साला?"

म्हटलं, काही होत नाही. खवलं काढून, मिठाच्या पाण्यात धुऊन, तळून. पहिला तुकडा मी खाते, पाहुण्यांसमोर. पण चट्टेवाले कोणाला बघवणार नाहीत, ते बाजूला काढू. त्यातल्या त्यात बरे निवडू.

दोघी बसलो विळ्या घेऊन, तिच्या नणंदा पण. दुपारपर्यंत हात दुखून आले. मासे कमी पडले. यु. खोपोलीला जाऊन कमी पडलेले विकत घेऊन आला, त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. रेश्मा मधेच आली, चेहऱ्यावर उटणं, "काकी, ईदचं माझं ठेवलंय का?" आता काय सांगू, फ्रीजमधला तो शीरखुर्मा मी कधीच फेकलाय.

जेवणं झाली. कोणाला काही झालं नाही. बेंजो इतका वाजला की डोकं अजून भणभणतंय.

१७ मे

हळद झाली, लग्न झालं, पाहुणे गेले. जाळं अंगणात वाळून लाकूड झालं होतं, ते घेऊन आलो. बरोबर काहीही नाही. वहिनींना रिकामं पाठवायला जड गेलं, दोनदा आत जाऊन आल्या, पण हात रिकामेच.

बळीरामला म्हटलं, आता तळं? उरलेले मासे काढा, आटवा, चुना टाका. मी मदतीला येते, बांबू माझे आहेतच तुमच्याकडे.

"बघू," म्हणाला.

बघू म्हणजे काय? आकाश बघायचंय का? ढग जमायला लागलेत.

"भाभी, त्यात बारकी बी हायत. यंदा टाकलेली. ती मारू का? माझ्यानं नाय होनार." आणि तोंड फिरवलं. मला ओरडता आलं नाही. छोट्या माशांचं मलाही काही सुचत नव्हतं. मत्स्यखात्याच्या बाईला विचारलं, ती म्हणाली, मिठाच्या पाण्यात बुडवून टाकीत ठेवता येतील, थोडेफार वाचतील. तसं कळवलं. उत्तर नाही.

२५ मे

इम्रान: "अम्मी, रविवारी फार्महाउसवाल्यांना सांगायचंय. काय सांगू?"

म्हटलं, रविवारी सांगते.

यु. तळाच्या भेगांत चालत होता, मधोमध जाऊन उभा राहिला. मी वरून म्हटलं, बाहेर ये, चप्पल चुन्याने खराब होईल. म्हणाला, "इथून आकाश केवढं दिसतं बघ." त्याला तिथे राहू दिलं.

३१ मे, रविवार

सकाळी बांधावर. वारा ओला आहे, आज-उद्यात येणार पाऊस. भेगांतून चुना पांढरा दिसतोय.

बळीरामचा पंप चालू झालाय. झाडीआडून आवाज येतो, धूर दिसतो, बाकी काही दिसत नाही. तळं उपसतोय की ओढ्याचं पाणी घेऊन भरतोय, इथून कळायला मार्ग नाही. याच पंपाने तो दोन्ही करतो.

यु. ला म्हटलं, जाऊन बघ ना. तो म्हणाला, "तू जा. मला बघून परत येऊन तुला सांगायचं नाहीये."

आता लिहिताना फोन वाजतोय. इम्रानचाच. दोनदा वाजून थांबला, पुन्हा वाजतोय. वाजू दे. आधी पलीकडे जाऊन बघते.